धोब्याने नाकारलेले कपडे आणि घरातली वॉशिंग मशीन

गेल्या काही वर्षांत एक वाक्य आम्हाला फार ऐकवलं जातं. आरक्षणावर बोलणं निघालं, की समोरचा हमखास म्हणतो, "आता तर तुमच्याही घरी वॉशिंग मशीन आली, मग कसली जात घेऊन बसलात?" या वाक्यात 'तुमच्या'ला जो 'ही' चिकटलाय, त्यातच सगळं आलं. मशीन त्यांच्या घरी आली तेव्हा ती फक्त मशीन होती. आमच्या घरी आली की ती जात संपल्याचा पुरावा होते! मग या मशीनचा इतिहास आमच्या बाजूनेही एकदा सांगितलाच पाहिजे.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणी आपल्यापैकी बहुतेकांनी वाचल्या आहेत. गोरेगावचा प्रवास, मसूर स्टेशन, पाण्याविना काढलेली ती रात्र हे आपण भाषणांतून सांगतोही. पण त्याच प्रकरणात साताऱ्याच्या घराबद्दल एक साधी नोंद आहे, तिथे आपण थांबत नाही. घरातले कपडे बाबासाहेबांच्या बहिणी धूत. साताऱ्यात धोबी नव्हते असं नाही. त्यांना द्यायला पैसे नव्हते असंही नाही. रामजी सुभेदारांना लष्करी पेन्शन होती. पण अस्पृश्याचे कपडे धुवायला एकही धोबी तयार नव्हता. न्हावीही येत नसे, म्हणून भावांचे केस मोठी बहीण कापायची.

पैसे आहेत, सेवा देणारा आहे, तरी सेवा मिळत नाही. जात म्हणजे फक्त गरिबी, असं म्हणणाऱ्यांना ही एक नोंद पुरे आहे. आणि आणखी एक पाहा. धोब्याच्या नकाराची किंमत कोणी मोजली? त्या घरातल्या मुलींनी. भाऊ शाळेत गोणपाटावर बसत होता, तेव्हा त्या घरी कपडे आपटत होत्या. हे लिहिताना आम्हाला अभिमानापेक्षा अस्वस्थपणाच जास्त वाटतो.

इथे परीट समाजावर राग काढण्यात अर्थ नाही. बारा बलुतेदारांत परीटही होता आणि महारही होता. महाराने गावभर राबायचं, मयताची बातमी परगावी पोचवायची, मेलेलं ढोर ओढायचं. पण बलुत्यातली परटाची, न्हाव्याची सेवा मात्र त्याला परत मिळायची नाही. परटाने महाराचा सदरा धुतला असता, तर पाटलाने स्वतःचं धोतर त्याच्याकडे टाकलं असतं का? श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच, वरच्याच्या भीतीने मधला खालच्याला नाकारतो. याच परीट समाजात गाडगेबाबा जन्मले. त्यांनी हातात खराटा घेतला आणि पंढरपूरची धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. तमिळनाडूत तर याची परिसीमा होती. अस्पृश्यांचे कपडे धुणारी पुदिरै वण्णार ही जात इतकी 'खालची' ठरवली गेली, की त्यांचं नुसतं दर्शनही विटाळ मानलं जाई. ते रात्रीच्या अंधारात काम करत, असं 1932 साली वर्तमानपत्रात छापून आलं होतं.

दुसऱ्याचा मळ धुणं हे काम जगभर खालच्याच माणसाच्या गळ्यात मारलं गेलं. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावरही दक्षिणेकडच्या शहरांत गोऱ्यांचे कपडे धुणाऱ्या बहुतांश काळ्या बायकाच होत्या. 1881 च्या जुलैत अटलांटा शहरात त्यांनी संप केला. सुरुवात जेमतेम 20 जणींनी केली. तीन आठवड्यांत संख्या 3000 पर्यंत गेली. मागणी एकच, धुण्याचा दर आम्ही ठरवू. आठ वर्षांपूर्वीच जोतीरावांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला होता, हे आठवलं की या दोन गोष्टी फार दूरच्या वाटत नाहीत.

मशीन आली ती याच देशात. विजेवर चालणाऱ्या धुण्याच्या यंत्राचं एक पेटंट अल्वा फिशर यांना 1910 साली मिळालं. पाणी भरणं, धुणं, खळबळणं, पिळणं हे सगळं एकामागून एक आपोआप करणारी घरगुती मशीन बेंडिक्स कंपनीने 1937 मध्ये बाजारात आणली. ती इतकी हादरायची की जमिनीला बोल्टने आवळावी लागे. 1937 हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबई हायकोर्टाने चवदार तळ्याच्या दाव्याचा निकाल आपल्या बाजूने दिला. तिकडे मशीन स्वतः पाणी भरू लागली होती आणि इकडे माणसाला तळ्यावर पाणी भरता येईल की नाही, हे कोर्ट ठरवत होतं.

म्हणून मशीनचा प्रश्न आमच्यासाठी आधी पाण्याचा प्रश्न आहे. बोले ठराव 1923 चा, महाड नगरपालिकेचा ठराव 1924 चा. तरी 20 मार्च 1927 ला ओंजळभर पाणी प्यायलो म्हणून डोकी फोडली गेली. वर शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या 108 घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, लुगड्याला ठिगळं असली तरी चालतील, पण ते स्वच्छ असू द्या. मनुस्मृतीने ज्यांच्यासाठी मेलेल्यांचे कपडे नेमून दिले होते, त्यांना हे सांगणं म्हणजे टापटिपीचा उपदेश नव्हता. नेमून दिलेला पोशाख अंगावरून उतरवण्याची ती हाक होती.

दुसरा प्रश्न विजेचा. 1942 ते 1946 बाबासाहेब मजूरमंत्री होते आणि वीज त्यांच्या खात्यात होती. 25 ऑक्टोबर 1943 च्या वीजविषयक समितीपुढच्या भाषणात त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक हवी असं ठामपणे मांडलं. विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगाशिवाय या देशाची गरिबी हटत नाही, हा त्यांचा हिशेब होता. दोनच वर्षांनी काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधाचा समाचार घेतला. दोष यंत्राचा नाही, त्याचा फायदा मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा आहे. माणसाला जनावरासारखं राबणं सुटून फुरसत मिळाली, तरच तो विचार करील, वाचील, आणि ती फुरसत यंत्रच देऊ शकतं. चरख्याचे गोडवे गाणाऱ्यांना हे पटलं नाही. कपडे आपटणाऱ्या बहिणी ज्याने पाहिल्या होत्या, त्याला मात्र वेगळं सांगायची गरज नव्हती.

आता आपल्या घरांकडे येऊ. आमच्या ओळखीच्या एका पुनर्वसन इमारतीत चौथ्या मजल्यावर हप्त्यावर घेतलेली फ्रंट लोड मशीन दोन वर्षं टीव्ही ठेवायला वापरली गेली. कारण नळाला दाब नव्हता. अशा बऱ्याच मशीनना किमान 0.3 बार दाब लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी मशीनच्या नळापेक्षा सुमारे 3 मीटर वर हवं. हे विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि विचारायचं असतं हे आपल्या माणसाला ठाऊक नव्हतं. टँकरवर जगणाऱ्या वस्तीत तर मशीन घेण्याआधी एका धुण्याला किती लिटर पाणी लागतं, हे पाहिलंच पाहिजे. फ्रंट लोडला साधारण 50-60 लिटर, टॉप लोडला बरंच जास्त. अर्थिंग नसेल तर मशीन लावूच नका. ओल्या फरशीवर उघड्या पायांनी उभी असते ती आपली आई. पाणसळ ठेवून चारही पाय समतल करा, निम्मा हादरा तिथेच थांबतो.

बोअरच्या जड पाण्यामुळे हीटरवर पांढरा थर बसतो, तो महिन्या-दोन महिन्यांनी काढावा लागतो. बादलीत भिजवायची पावडर फ्रंट लोडमध्ये ओतली तर फेस मावत नाही आणि साबण कपड्यातच राहतो. ड्रम गच्च भरू नका, वर हात सहज जाईल इतकी जागा सोडा. धुणं झाल्यावर दार थोडं उघडं ठेवा, नाहीतर रबराला बुरशी धरते आणि मग 'मशीनला वास मारतो' म्हणत तिचाच विटाळ सुरू होतो. पाणी येत नसेल तर मेकॅनिकला फोन करण्याआधी तोटी बंद करून पाइपच्या तोंडाशी असलेली जाळी काढून पाहा. बहुतेक वेळा तिथे गाळ अडकलेला असतो.

हे सगळं आम्ही मुद्दाम तरुण कार्यकर्त्यांसाठी लिहितो आहोत. मोर्चात समतेच्या घोषणा देणाऱ्या आपल्या कित्येक पोरांना घरच्या मशीनचं बटण कुठलं दाबायचं हे ठाऊक नाही. रुथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंनी 1983 च्या पुस्तकात अमेरिकेबद्दल दाखवून दिलं, की यंत्रं आली तरी गृहिणीचं काम हलकं झालं नाही. लाँड्रीत जाणारे कपडे पुन्हा घरात आले आणि रोज नवा सदरा घालण्याची सवय लागली. आपल्याकडेही तेच होतंय. भिजवणं, टाकणं, वाळत घालणं, घड्या घालणं, इतकंच काय सायरन वाजला की उठणंही तिच्याच वाट्याला. साताऱ्यात धोब्याने नकार दिला म्हणून बहिणी धूत होत्या. आज धोबीही आहे, मशीनही आहे, तरी त्याच का धुतात, याचं उत्तर मनुवाद्यांकडे मागून मिळणार नाही.

आणि समोरच्या टॉवरमधलीही गोष्ट सांगून टाकतो. तिथे कामाला जाणारी आमच्या वस्तीतली एक ताई रोज मालकांचे कपडे मशीनला लावते. पावसात भिजलेली स्वतःची ओढणी एकदा तिने त्यात टाकली, तर मशीन दोनदा रिकामी फिरवली गेली, तिच्या डोळ्यांदेखत. 108 घागरींचा हा नवा अवतार. 'तुमच्याही घरी मशीन आली' म्हणणाऱ्यांना आम्ही हीच गोष्ट सांगतो.

येत्या रविवारी अभ्यासवर्गाला येताना प्रत्येकाने घरच्या मशीनच्या पंपाचा फिल्टर काढून, धुऊन यायचं आहे. फ्रंट लोडला तो पुढे खालच्या झडपेमागे असतो. आधी प्लग काढा आणि खाली परात ठेवा, पाणी सांडतं. टॉप लोडवाल्यांनी निदान धाग्यांची पिशवी झटकून यावी. ज्यांच्या घरी मशीन नाही, त्यांनी या आठवड्याचं धुणं स्वतः धुऊन यावं.