घड्याळ, बाहुली आणि यांत्रिक कुत्रा

इ. स. १५५१ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर जपानमधील यामागुची नगरीत दुसऱ्यांदा आले. पहिल्या खेपेस ते गरिबाच्या वेशात गेले होते आणि त्यांचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नव्हते. या वेळी त्यांनी उंची वस्त्रे परिधान केली आणि गोव्याचे व्हाइसरॉय व बिशप यांची पत्रे, तसेच अनेक नजराणे तेथील सरदार ओउची योशिताका यांच्यापुढे ठेवले. त्या नजराण्यांत एक यांत्रिक घड्याळ होते. जपानच्या भूमीवर पोहोचलेले पहिले यांत्रिक घड्याळ ते हेच, असे मानले जाते. सरदार प्रसन्न झाला आणि सुवार्ताप्रसाराची परवानगी मिळाली.

पुढे १६१४ मध्ये जपानच्या राज्यकर्त्यांनी ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली, मिशनऱ्यांना हद्दपार केले. घड्याळाची विद्या मात्र मागे राहिली. जपानी कारागिरांनी ती आत्मसात केली, आपल्या कालगणनेनुसार घड्याळे घडविली आणि त्याच चाकांच्या कौशल्यातून एक नवी करमणूक जन्माला आली. तिला ‘काराकुरी’ म्हणत. या चालत्या बाहुल्यांपैकी सर्वांत लाडकी ठरली ती चहा देणारी बाहुली. होसोकावा हान्झो या कारागिराने १७९६ च्या आपल्या सचित्र ग्रंथात तिची रचना खुलासेवार दिली आहे. चाके लाकडाची, स्प्रिंग देवमाशाच्या तोंडातील लवचीक पट्टीची. यजमानाने तिच्या हातातील तबकावर पेला ठेवला की त्या भाराने आतील अटकाव सुटतो आणि ती पाहुण्याच्या दिशेने चालू लागते. पाहुण्याने पेला उचलला की थांबते. रिकामा पेला परत ठेवला की मागे वळून यजमानाकडे जाते.

या खेळात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बाहुलीला पाहुणा ठाऊक नसतो. तिला ठाऊक असतो तो केवळ पेल्याचा भार. तरीही बैठकीतील मंडळी हरखून जात, कारण तिच्या एका टोकाला यजमान असे आणि दुसऱ्या टोकाला पाहुणा. आदरातिथ्य माणसाचे होते. बाहुली त्याची निरोपी होती.

आता दोनशे वर्षे पुढे येऊ. १९९९ च्या जून महिन्यात सोनी कंपनीने ‘आयबो’ नावाचा यांत्रिक कुत्रा विक्रीस काढला. दोई तोशितादा या अभियंत्याच्या पुढाकाराने तो साकार झाला. त्याचे रूप सोरायामा हाजिमे या चित्रकाराने रेखाटले. जपानी भाषेत ‘आयबो’ म्हणजे सोबती, जोडीदार. हा सोबती घरातील कोणतेही काम करीत नसे. चेंडूमागे धावणे, शेपूट हलविणे, थोपटले की खूश होणे आणि मनात नसेल तर हाक न ऐकणे, एवढेच त्याचे काम. किंमत अडीच लाख येन. तरीही जपानसाठी ठेवलेले ३,००० नग अवघ्या २० मिनिटांत संपले. पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानेही त्याला आपल्या संग्रहात स्थान दिले.

२००६ मध्ये कंपनीने उत्पादन थांबविले आणि २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद केली. अनेक घरांतून, विशेषतः वृद्धांच्या घरांतून, चिंतेचे सूर उमटले. काही निवृत्त अभियंत्यांनी दुरुस्ती हाती घेतली. पण सुटे भाग मिळणार कोठून? बंद पडलेल्या आयबोंचे भाग इतरांना बसविण्यात येऊ लागले. तत्पूर्वी त्या आयबोंना निरोप द्यावा, या भावनेतून २०१५ पासून चिबा प्रांतातील इसुमी येथील कोफुकुजी या बौद्ध मंदिरात त्यांच्यासाठी प्रार्थनाविधी होऊ लागला. धूप जळे, मंत्र म्हटले जात. प्रत्येक कुत्र्याला तो कोणत्या घरचा हे सांगणारी चिठ्ठी बांधलेली असे. २०१८ पर्यंत असा निरोप मिळालेल्यांची संख्या सुमारे ८०० झाली.

वाचकहो, हे वाचून काहींना हसू येईल. यंत्राला आत्मा असतो असे आपली श्रद्धा मानीत नाही. परंतु आईच्या हातात झिजलेली जपमाळ आपणही केरात टाकीत नाही. ती जमिनीत पुरतो किंवा जाळतो. ती पवित्र केलेली असते म्हणून, आणि तिच्या मण्यांवरून फिरलेली बोटे आपल्याला आठवतात म्हणूनही. त्या मंदिरात आलेल्यांचे अश्रू त्यांच्या स्वतःच्या प्रेमाचे होते आणि म्हणून ते खरे होते.

खरा प्रश्न निराळा आहे. शिबाता ताकानोरी या जपानी संशोधकाने १९९३ पासून परिश्रम करून ‘पारो’ हे सील या सागरी प्राण्याचे यांत्रिक पिल्लू तयार केले. कुत्रा-मांजर सर्वांच्या परिचयाचे, त्यामुळे नकली लगेच ओळखू येते. सील मात्र कोणी घरी पाळलेला नसतो, म्हणून ही निवड. कुरवाळले की ते डोळे मिटते, आवाज काढते. स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध त्याला जवळ घेऊन शांत होतात, गप्प असलेले बोलू लागतात, असा अनेक शुश्रूषागृहांचा अनुभव आहे. या उपकाराला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्या चहाच्या बाहुलीच्या दुसऱ्या टोकाला यजमान होता. पारोच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे?

आपल्या गावांतूनही मुले आखातात, कॅनडात स्थायिक झाली आहेत आणि मोठ्या घरात एकटी आई संध्याकाळची प्रार्थना म्हणते. उद्या असे एखादे खेळणे तिच्याकडे आले तर त्याचे स्वागतच करावे. मात्र ते पाठविणाऱ्याने रिकामा पेला परत घ्यायला स्वतः यावे. दोन माणसांमध्ये ये-जा करणे, हेच त्या बाहुलीचे काम होते.