मोबाईल टॉवर: स्वतःच्या पायावर उभा की तारांनी ताणलेला?

हायवेवरून जाताना सगळे टॉवर सारखेच वाटतात, पण नीट बघा, त्यांचे दोन प्रकार आहेत. पहिला खाली रुंद, वर निमुळता, तीन किंवा चार पायांवर कशाच्याही आधाराशिवाय उभा. हा सेल्फ-सपोर्टिंग टॉवर. दुसरा म्हणजे खालपासून वरपर्यंत एकाच जाडीचा सडपातळ खांब, तंबूच्या दोरांसारख्या स्टीलच्या तारांनी साधारणपणे तीन दिशांना ताणून धरलेला. त्याला गाईड मास्ट म्हणतात.

लोखंड कमी लागतं ते मास्टला. वाऱ्याचा आडवा जोर तारा घेतात, त्यामुळे खांब बारीक चालतो. टॉवरला तोच जोर पायांवर आणि फाउंडेशनवर पेलावा लागतो. उंची वाढली की खर्चही भराभर वाढतो.

मग सगळीकडे मास्टच का नाही? जागा! समजा ६० मीटरचा मास्ट आहे आणि तारा बुंध्यापासून ४० मीटरवर जमिनीत बांधल्या. त्या तीन टोकांमधला त्रिकोण होतो जवळपास २० गुंठे. टॉवर एक-दोन गुंठ्यांत बसतो. म्हणूनच मुंबईत वरळीला दूरदर्शनचा ३०० मीटरचा टॉवर स्वतःच्या पायावर आहे, तर तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळच्या मोकळ्या माळावर नौदलाचे ४७१ मीटरचे मास्ट तारांवर उभे आहेत.

आता धोक्याचं. मास्टचा जीव तारांत असतो. पोलंडमधला ६४६ मीटरचा वॉर्सा रेडिओ मास्ट ही त्या काळातली जगातली सर्वांत उंच रचना होती. ८ ऑगस्ट १९९१ रोजी तारा बदलण्याचं काम सुरू असतानाच तो कोसळला. त्यामुळे तारांचा ताण, गंज आणि अँकर नियमित तपासणं मास्टच्या बाबतीत टाळताच येत नाही. टॉवरलाही देखभाल लागते, पण एका तारेवर सगळा खेळ नसतो.

पुढे जास्त अँटेना आणि मायक्रोवेव्ह डिश लावायच्या असतील तर टॉवर बरा, कारण मास्ट वाऱ्यात पिळला की डिशची दिशा हलते. गच्चीवरच्या छोट्या खांबांना मात्र तारा लावलेल्या सर्रास दिसतात.

घरच्या शेतात मास्टचा प्रस्ताव आला तर फक्त बुंध्याची जागा बघू नका. तिन्ही अँकर नेमके कुठे येणार आणि तारांजवळून ट्रॅक्टर कसा जाणार, हे नकाशासकट करारात लिहून घ्या.