दम्याचा पंप आणि स्टिरॉईडची भीती

पावसाळा लागला की आपल्याकडे भिंतींना बुरशी धरते, ओल्या लाकडांनी चूल धुमसते आणि दमेकऱ्यांची धाप वाढते. आमच्या बचत गटांच्या बैठकीत हा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "पंप एकदा लागलो की सुटणा नाय, त्यात स्टिरॉईड असता." ही भीती आली कुठून आणि ती कितपत खरी, हे समजायला थोडं मागे जाऊ या.

दमा जुनाच आजार. चरकसंहितेत श्वासाचे पाच रोग सांगितले आहेत, त्यातला तमक श्वास आपल्या दम्याशी जुळतो. कुंपणाकडेला उगवणाऱ्या धोतऱ्याचा धूरही पूर्वी दम्यावर ओढत. १८०२ च्या सुमारास हा उपाय मद्रासहून ब्रिटनला गेला आणि पुढे तिथे दम्याच्या सिगारेटी विकल्या जाऊ लागल्या. धोतरा विषारी आहे, आज कुणी तो प्रयोग करू नये.

स्टिरॉईडची गोष्ट १९४८ सालची. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळालं. दम्याच्या जोरदार झटक्यातही हे औषध उपयोगी पडतं, हे १९५६ पर्यंत ब्रिटनमधल्या चाचणीत दिसलं.

पण तोवर दुसरी बाजूही उघडी पडली होती. महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांचा चेहरा गोल सुजला, साखर आणि रक्तदाब वाढला, हाडं ठिसूळ झाली, डोळ्यांत मोतीबिंदू आला. शिवाय मूत्रपिंडाच्या वर असलेल्या ग्रंथी आपलं शरीर चालवायला थोडं स्टिरॉईड रोज बनवतात. बाहेरून आयतं मिळालं की त्या सुस्त होतात. मग गोळ्या एकदम थांबवल्या तर माणूस कोसळू शकतो. म्हणजे भीती खोटी नव्हती. ती पोटात घेतलेल्या, लांबलेल्या स्टिरॉईडची होती.

यावर उपाय म्हणून औषध थेट श्वासनळीत पोचवायचा विचार झाला. पंप १९५६ मध्ये आला, पण त्यात फक्त नळी मोकळी करणारं औषध होतं. स्टिरॉईडचा पंप ब्रिटनमध्ये १९७२ साली आला. मुंबईत १९३५ साली सुरू झालेल्या सिप्ला कंपनीने १९७६ मध्ये दम्याचे पंप बाजारात आणले, तेव्हा आपला सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतच होता. मोठ्या झटक्यात मोठ्या माणसाला दिवसाला ४० मिलीग्रॅमची गोळी देतात. रोजच्या पंपात दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम औषध असतं, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे मिलीग्रॅमचा हजारावा भाग. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकली की तोंड येण्याचा त्रासही टळतो.

कोरोनात हाच धडा पुन्हा मिळाला. जून २०२० मध्ये डेक्सामेथासोनने प्राणवायूवर असलेल्या रुग्णांचे प्राण वाचतात हे सिद्ध झालं. २०२१ मध्ये महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले, तेव्हा अनियंत्रित मधुमेह आणि गरजेपेक्षा जास्त स्टिरॉईड ही मोठी कारणं ठरली. औषध तेच, पण किती आणि किती दिवस, यावर सगळं ठरतं.

आता आपल्याकडचं पाहा. ज्या बाईला पंपाची धास्ती, तीच बाजारातली बिननावाची 'जडीबुटीची' पुडी वर्षभर घेते. अशा काही पुड्यांत स्टिरॉईडच मिसळलेलं असल्याचं तपासणीत आढळलेलं आहे. म्हणून तर दोन दिवसांत धाप बसते, भूक वाढते, तोंड भरल्यासारखं दिसतं, आणि घरचे म्हणतात, तब्येत सुधारली! ज्या स्टिरॉईडला घाबरायचं, तेच आपण न कळत पोटात घेत असतो.

म्हणून मैत्रिणींनो, नाव आणि प्रमाण लिहिलेलं नसेल ते औषध नको. पुडी किंवा गोळ्या तीन आठवड्यांहून जास्त घेतल्या असतील तर मनाने एकदम बंद करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांना दाखवा, ते हळूहळू कमी करतील. नुसत्या तात्पुरत्या आराम देणाऱ्या पंपावर दिवस काढू नका. मोठ्यांच्या दम्यात त्यासोबत स्टिरॉईडचा पंपही हवा, असं २०१९ पासून जागतिक मार्गदर्शनही सांगतं.

आणि एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील, पंप घेऊनही धाप बसत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. माणसाला बसतं ठेवा, आराम देणारा पंप देत राहा आणि १०८ ला फोन करा. त्या वेळी डॉक्टरांनी दिलेल्या स्टिरॉईडला नाही म्हणू नका. थोड्या दिवसांचं ते औषध जीव वाचवण्यासाठीच असतं.