लुना आपल्या नगरची आणि पुण्याचे रिकामे सायकल ट्रॅक

"पुण्यात सायकल ट्रॅकवर एवढा पैसा घातला, सायकल एक दिसत नाही." परवा सुपा चौकात चहा पिताना एकाने सुनावलं. विषय निघाला होता एमआयडीसीच्या रस्त्यांवरून. मी गप्प बसलो, कारण ट्रॅक रिकामे दिसतात हे खरंच आहे. पण ते रिकामे का, याला इतिहास आहे, आणि त्यात आपल्या नगरचाही हात आहे.

एके काळी पुणे म्हणजे सायकलींचं शहर. सायकलीला बिल्ला लागायचा. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडलं की पोलीस धरायचा. कामगार, कॉलेजची पोरं, प्राध्यापक, सगळे सायकलवर. आणि तेव्हा वेगळे ट्रॅक जवळजवळ नव्हतेच. लागतच नव्हते, अख्खा रस्ता सायकलींचा होता.

मग 1972 मध्ये बजाजची चेतक आली आणि कायनेटिकची लुनाही. चेतकला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. लुना मात्र आवाक्यातली, पायडलवाली, म्हणजे अर्धी सायकलच. ती बनायची आपल्या नगरच्या कारखान्यात. सायकलवरून पहिल्यांदा उतरलेल्या कित्येकांना आपल्याच जिल्ह्याने उतरवलं म्हणा ना. (आमच्याही घरी होती. तिच्यावर दुधाचे कॅन जायचे, त्यामुळे मी तिला नावं ठेवणार नाही.)

पुण्यात ट्रॅकचं काम जोरात सुरू झालं ते थेट 2006 च्या सुमारास, कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटीबरोबर. त्याच वर्षी केंद्राचं शहरी वाहतूक धोरण आलं. रस्ता गाड्यांना नाही, माणसांना वाटून द्या, असं त्यात स्पष्ट होतं. पण तोवर चौतीस वर्षं गेलेली. सायकलवाला निघून गेला आणि मग त्याची वाट बांधली! तीही कशी? मध्येच डीपी, पुढे टपरी, मग लावलेल्या गाड्या, आणि चौक आला की ट्रॅक गायब. जीव जातो तो चौकातच. डिसेंबर 2017 मध्ये महापालिकेने आठशेहून जास्त किलोमीटरचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली आल्या, काही वर्षांत दिसेनाशाही झाल्या.

तेव्हा वापर मोजून ट्रॅक फुकट ठरवणं म्हणजे कोरड्या नळाखाली हंडे नाहीत म्हणून गावाला तहान नाही म्हणणं. नेदरलँड्सचं उदाहरण सगळे देतात, पण तिथेही मोटारी वाढल्यावर सायकली घटत होत्या. 1971 मध्ये रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे सरकार हललं.

प्रत्येक ट्रॅक शहाणपणाचा असतो असंही नाही. पवई तलावाच्या काठाने मुंबई महापालिकेने आखलेला ट्रॅक उच्च न्यायालयाने 2022 मध्ये बेकायदा ठरवला, ते बरंच झालं. तो फेरफटक्यासाठी होता, कामावर जाणाऱ्यासाठी नाही.

आपल्याकडे उलट आहे. सुप्यात शिफ्ट सुटली की सायकलवाले दिसतात, बहुतेक परप्रांतीय कामगार. डिव्हायडरला जवळ वाट नाही म्हणून उलट्या बाजूने, ट्रकच्या समोरून येतात. त्यांना कोण मोजतं?

सोमवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ एमआयडीसी फाट्यावर वही घेऊन मीच बसणार आहे. दुसरी बाजू मोजायला एक माणूस हवाय. येणार असाल तर खाली लिहा. चहा माझ्याकडून.