पद, भत्ता आणि संप

केंद्राइतक्या महागाई भत्त्यासाठी महाराष्ट्रातील सरकारी-निमसरकारी कर्मचारी १४ डिसेंबर १९७७पासून ५४ दिवस संपावर होते. मार्च २०२३मधला संप जुन्या पेन्शनसाठी झाला. सात दिवस चाललेल्या त्या संपात शाळांचे शिक्षकेतर कर्मचारीही उतरले. दरम्यान ११ डिसेंबर २०२०च्या शासन निर्णयाने अनुदानित खासगी शाळांतील शिपायाचे पद, ते रिकामे होताच, व्यपगत ठरवले होते. त्याजागी आला ठोक भत्ता : मुंबईत दरमहा १०,००० रुपये, यवतमाळसारख्या जिल्ह्यात ५,०००. वेतनश्रेणी गेली, तिच्याबरोबर महागाई भत्ता आणि पेन्शनही. पुसद-वणीकडच्या शाळांत घंटा वेळेवर होईल. पण ज्या दोन मागण्यांसाठी हे संप झाले, त्या दोन्हींच्या बाहेर ती देणारा नवा माणूस उभा आहे.