इंग्रजी लेखनाच्या वह्या व मराठी लेखणी : एक उपेक्षित साधन

महाराष्ट्राच्या इतिहासाचीं साधनें म्हणून बखरी, शकावल्या, करीने, सनदा, महजर व खासगी पत्रव्यवहार यांचा संग्रह करण्याचें कार्य शतकाहून अधिक काळ चालू आहे. त्या अवधींत एका वर्गाचे कागद मात्र फारसे कोणीं संग्राह्य मानिले नाहींत. ते म्हणजे शाळेंतील विद्यार्थ्यांच्या इंग्रजी भाषांतराच्या व निबंधाच्या वह्या, आणि त्यांवर गुरुजींनीं केलेल्या दुरुस्त्या. परीक्षा झाली कीं वहीचें काम संपलें, अशी समजूत असल्यामुळें त्या रद्दीवाल्याच्या तागडींत जातात. जें तागडींतही चढत नाहीं तें केरांत जातें. प्रस्तुत लेखक ज्या देवनार येथें राहतो, तेथें मुंबईचा केरकचरा १९२७ पासून पडूं लागला. या वर्गाच्या किती कागदांची अखेर त्या ढिगांत झाली असेल, याचा अंदाज वाचकांनींच करावा. हे कागद जपले गेले असते, तर मराठी लेखणींत गेल्या दोनशें वर्षांत झालेला एक मोठा पालट पायरीपायरीनें दाखवितां आला असता. तो पालट कोणता, आणि अद्याप जें उरलें असेल तें कां राखावें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

पेशवेकालीन मोडी पत्र ज्यांनीं वाचलें आहे त्यांस हें ठाऊकच आहे कीं, त्यांत शब्दाशब्दांत अंतर नसतें, वाक्यान्तीं चिन्ह नसतें, व अर्थानुसार परिच्छेद पाडण्याची चालही नसते. आधीं कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढावयाची, आणि मग लेखणी शक्य तों न उचलतां तिच्याखालीं अक्षरें जोडीत जावयाचें, अशी ती पद्धति. पत्र संपल्याची खूण असे. पण 'लेखनसीमा' अथवा 'मोर्तब सुद' हीं अक्षरें अर्थ उलगडण्यासाठीं नव्हेत, तर पत्र पुरें व खरें ठरावें आणि खालीं कोणीं कांहीं वाढवूं नये यासाठीं असत. वाक्य कोठें संपलें हें वाचणारानें क्रियापदावरून ओळखावयाचें. आपल्या भाषेंत क्रियापद बहुधा शेवटीं येतें, म्हणून विरामचिन्हांवांचून व्यवहार अडला नाहीं.

तसेंच, लेखन शिकविण्याचीं पुस्तकें आपणांकडे नव्हतीं असेंही नाहीं. हेमाद्रीच्या नांवावर चालत आलेलें 'मेस्तक' काय, किंवा बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२५ सालीं छापलेली संस्कृत 'लेखपद्धति' काय, दोहोंचा रोख एकच. कोणास कोणता मायना लिहावा, कोणत्या प्रसंगाचा कागद कसा मांडावा, याचे नमुने त्यांत आढळतात. नमुना पाठ करणें व प्रसंगीं तो उतरविणें हें या शिक्षणाचें सूत्र होतें. दरबारी पत्रास तें पुरेसें होतें. स्वतःचा विचार सलग मांडून दाखविणें, ही त्याची अपेक्षाच नव्हती.

इंग्रजी शिक्षणानें ही अपेक्षा प्रथम आणिली. मुंबईत १८२२ सालीं शाळा व शालेय पुस्तकें यांकरितां मंडळी स्थापन झाली, आणि पुढें एल्फिन्स्टन विद्यालय निघालें. बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं 'दर्पण' पत्र काढिलें, त्याच्या पृष्ठावर इंग्रजी व मराठी मजकूर शेजारीं शेजारीं छापिला जाई. देशबांधवांस इंग्रजी विद्येची गोडी लागावी, हा त्याच्या घोषित उद्देशांपैकीं एक होता. वाचकास एक स्तंभ झांकून दुसऱ्याचें भाषांतर करून पाहण्याची सोय त्या मांडणींत आपोआपच होती. १८३६ सालीं दादोबा पांडुरंग तर्खडकरांचें मराठी व्याकरण प्रसिद्ध झालें. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, व कँडी साहेबांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. याच मेजर टॉमस कँडींनीं १८५० सालीं 'विरामचिन्हांची परिभाषा' हें पुस्तक लिहून मराठीस स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम इत्यादि चिन्हांची ओळख करून दिली. मोडीच्या अखंड ओळीस विसांवा मिळाला तो येथून.

तथापि ग्रंथकारानें चिन्हें सांगितलीं म्हणून लोकांच्या हातीं तीं लगेच बसत नाहींत. त्यांस बसविलें परीक्षेनें. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली, आणि १८६२ सालीं महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे पहिले पदवीधर झाले. या परीक्षेनें इंग्रजी लेखन हेंच उच्च विद्येचें महाद्वार ठरविलें. तेव्हांपासून खेड्यांतून शहरीं आलेल्या मुलासही वाक्य कोठें थांबवावें, परिच्छेद कोठें पाडावा व शब्दांमध्यें अंतर किती ठेवावें, हें गुण मिळविण्यासाठीं शिकणें भाग पडलें. वडिलांचें घरचें पत्र मोडींत वाचणारा मुलगा शाळेच्या वहींत इंग्रजी निबंध लिहूं लागला, आणि पुढें मराठीही त्याच शिस्तीनें लिहूं लागला. हाच तो पालट होय.

हें लेखन शिकविण्याची जी रीत रूढ झाली ती भाषांतराची. तर्खडकरांच्या नांवानें प्रसिद्ध असलेली भाषांतर पाठमाला कित्येक पिढ्यांच्या हातीं होती. थोडे नियम, थोडे शब्द, मग इंग्रजी वाक्यांचें मराठी व मराठी वाक्यांचें इंग्रजी, असा तिचा क्रम. संस्कृत शिकलेल्या वाचकास हा क्रम अपरिचित वाटणार नाहीं. भांडारकरांचीं संस्कृताचीं पहिलीं दोन पुस्तकें याच धाटणीचीं आहेत, आणि वामन शिवराम आपट्यांचें संस्कृत रचनेवरील पुस्तकही नियम व अभ्यास यांची अशीच सांगड घालतें. संस्कृत व इंग्रजी या दोन परीक्षाभाषा एकाच सांच्यांतून शिकविल्या गेल्या, हें आपल्या विद्येच्या इतिहासांत नमूद करण्याजोगें आहे.

आतां वहीकडे वळूं. छापील पाठमालेंत नियम सांपडतो, परंतु चूक सांपडत नाहीं. ती केवळ वहींत सांपडते. आणि चूक हाच येथें खरा पुरावा. मराठींत 'ए', 'अॅन', 'दि' यांसारखीं उपपदें नाहींत, म्हणून मराठी मुलगा तीं गाळतो किंवा नको तेथें घालतो. 'रामानें पत्र लिहिलें' यांत क्रियापद कर्माप्रमाणें चालतें. इंग्रजींत तें कर्त्यास धरून राहतें. आपलीं शब्दयोगी अव्ययें नामाच्या मागून येतात, त्यांचीं आधीं येतात. 'जो मुलगा काल आला तो माझा भाऊ' या जोडवाक्यांतील 'तो' इंग्रजींत वेगळा लिहावयाचा नसतो, तरी मुलाची लेखणी तो सोडीत नाहीं. पन्नास वर्षांच्या अंतरानें लिहिलेल्या दोन वह्या शेजारीं ठेविल्या, तर कोणती चूक टिकली, कोणती गेली, आणि गुरुजींची लाल शाई कशावर अडून राहिली, हें डोळ्यांस दिसेल. मराठी गद्यांत 'च्याकडून' कर्मणि वाक्यें व लांबलचक गौण वाक्यें कोणत्या वाटेनें शिरलीं, या जुन्या वादासही तेथें कांहीं प्रत्यक्ष आधार मिळेल. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं 'निबंधमाला' सुरू करितांना मराठी भाषेच्या सांप्रतच्या स्थितीपासूनच आरंभ केला; त्या स्थितीचें मूळ पुष्कळ अंशीं शाळेच्या बांकावर होतें.

मुलांच्या लेखनांत इतिहास तो काय असणार, अशी शंका कोणी घेईल. तीस उत्तर म्हणून एकच उदाहरण पुरे. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंतील मुक्ता या मातंग मुलीनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं लिहिलेला मराठी निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत छापला गेला. आज त्या काळच्या समाजस्थितीचें तें अव्वल दर्जाचें साधन मानिलें जातें. तो शाळकरी मुलीचा निबंध होता, आणि छापला गेला म्हणूनच उरला. न छापलेल्या वह्यांत काय होतें, हें आतां कळण्याची वाट राहिली नाहीं.

या इतिहासाचा आजच्या अध्यापनाशींही संबंध आहे. प्रस्तुत लेखक निवृत्तीनंतर शेजारच्या मुलांस शालान्त परीक्षेसाठीं इंग्रजी लेखन दाखवितो. बहुतेकांच्या हातीं मार्गदर्शिका असते व तींतील पावसाळ्याचा किंवा आवडत्या पुढाऱ्याचा निबंध तोंडपाठ असतो. विषय किंचित् बदलला कीं लेखणी थांबते. ही मेस्तकाचीच पुनरावृत्ति होय. फरक इतकाच कीं, मेस्तक पाठ करणाऱ्या कारकुनास पुढें खरोखरच तींच पत्रें लिहावयाचीं असत. उलट जुनी भाषांतररीति कंटाळवाणी असली तरी मुलास स्वतः वाक्य बांधावयास लावी. तिचा सारांश तीन गोष्टींत सांगतां येतो. आपल्या मनांतील गोष्ट आधीं लहान मराठी वाक्यांत लिहावी; कर्ता व क्रियापद प्रथम ठरवून तीं इंग्रजींत न्यावीं; आणि दोन दिवसांनीं तें इंग्रजी पुन्हा मराठींत आणून मूळ अर्थ उरला कीं नाहीं हें पाहावें. अन्वय लावून श्लोक शिकलेल्यास ही युक्ति नवी नाहीं. चूक कोठें झाली हें मुलास तींत स्वतःसच दिसतें, आणि दुसऱ्यानें दाखविलेल्या चुकीपेक्षां ती अधिक काळ लक्षांत राहते.

शेवटीं संग्राहकांस विनंति. जुन्या वाड्यांतील दप्तरें पाहतांना मोडी रुमालांच्या तळाशीं इंग्रजी वह्या निघाल्यास त्या बाजूस टाकूं नयेत. वहीवरील शाळेचें नांव, इयत्ता व साल टिपून घ्यावें. गुरुजींची दुरुस्ती व मुलाची मूळ ओळ हीं दोन्ही नकलेंत राखावींत, केवळ शुद्ध पाठ उतरून घेऊं नये. वहीच्या मागील पानांवर हिशेब, पत्रांचे कच्चे मसुदे किंवा मोडीचा सराव असल्यास तोही नोंदवावा. कारण एकाच हातानें दोन लेखनपद्धती कशा सांभाळल्या, याचा उलगडा बहुधा त्या मागील पानांवरच होईल.