इंच, सूत आणि मिलिमीटर : नागपूरच्या कारागिरीतील दुहेरी मापांचा इतिहास

नागपूर शहरात आणि त्याच्या परिसरात सुतारकाम, लेथकाम, मोटारीचे रिवाइंडिंग, नळजोडणी किंवा इलेक्ट्रॉनिक सर्किटची बांधणी यांपैकी कोणतेही काम पाहिले, तरी एकाच वस्तूत दोन मापनपद्धती नांदत असल्याचे आढळते. प्लायवुडचा ताव आठ फूट बाय चार फूट असतो, पण त्याची जाडी १९ मिलिमीटर अशी सांगितली जाते. संत्र्याच्या बागेतील पंपाची ताकद अश्वशक्तीत, त्याच्या पाइपाचा व्यास इंचांत, बोअरची खोली फुटांत आणि पंपापर्यंत वीज नेणाऱ्या केबलचा छेद चौरस मिलिमीटरमध्ये मोजला जातो. सागवानाचा लिलाव शासकीय आगारात घनमीटरने होतो आणि तेच लाकूड चिरून झाल्यावर घनफुटाने विकले जाते. हे मिश्रण म्हणजे कारागिरांच्या अपुऱ्या शिक्षणाची किंवा ढिलाईची खूण आहे, असे अनेकदा मानले जाते. नागपूरचा इतिहास पाहता हे मत टिकत नाही. येथे प्रत्येक माप एखाद्या संस्थेबरोबर आले, मग ती सर्वेक्षण खाते असो, रेल्वे असो, कापडगिरणी असो वा स्वतंत्र भारताचे शासन. आणि जेथे ते माप केवळ मोजण्यापुरते होते तेथून ते लवकर गेले, तर जेथे ते लोखंडात उतरले होते तेथे ते टिकून राहिले.

ब्रिटिश फूट या प्रदेशात शासकीय मोजणीचे एकक म्हणून रुजला, तो प्रामुख्याने भूमापनामुळे. त्रिकोणांच्या साखळीने संपूर्ण देशाचे अंतर आणि आकार मोजण्याचा जो प्रकल्प १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू झाला आणि पुढे ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ या नावाने ओळखला गेला, त्याचे प्रवर्तक विल्यम लॅम्ब्टन हैदराबादहून नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे मरण पावले. त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे नेलेल्या या मोजणीचा पाया फूट हाच होता. नागपुरातील झिरो माईल हा १९०७ मध्ये उभारलेला वालुकाश्माचा स्तंभ याच सर्वेक्षणाचा प्रमाण-उंचीदर्शक आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर, अशी नोंदलेली असून जबलपूर १७० मैल, हैदराबाद ३१८ मैल अशी अंतरे त्यावर कोरलेली आहेत. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत दिलेली ही उंची पाहिली, म्हणजे फूट-इंचाची पद्धत ढोबळ होती असा समज दूर होतो. अचूकता एककात नसते, ती मोजणाऱ्याच्या शिस्तीत असते.

रेल्वेने मापांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा केला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, तेव्हा तिच्या दोन रुळांमधील अंतर, ज्याला गेज म्हणतात, पाच फूट सहा इंच होते. आज तेच अंतर १६७६ मिलिमीटर असे लिहिले जाते. पुढे खर्च कमी करण्यासाठी अरुंद मार्ग हवा, असा विचार १८७० च्या सुमारास सुरू झाला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या शासनाने तीन फूट तीन इंच किंवा तीन फूट सहा इंच अशा सरळ ब्रिटिश मापाऐवजी नेमका एक मीटर निवडला. या निर्णयामागे एक व्यापक योजना होती. भारतभर दशमान पद्धत आणावी आणि शेराचे वजन एका किलोग्रॅमइतके ठरवावे, या हेतूने त्याच काळात वजनमापांचा कायदाही करण्यात आला होता. फेब्रुवारी १८७२ मध्ये पोर्ट ब्लेअर येथे मेयो यांचा खून झाला, कायदा अंमलात न येता बाजूला पडला आणि ज्या दशमान भारतासाठी मीटर गेज निवडले गेले होते, तो भारत पुढील ऐंशी-नव्वद वर्षे अस्तित्वात आला नाही. गेज मात्र राहिले, कारण तोवर रूळ टाकण्यास आरंभ झाला होता.

या अपुऱ्या राहिलेल्या सुधारणेचा एक तुकडा नागपूरच्या वाट्याला आला. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा नागपूर-छत्तीसगड रेल्वेमार्ग १८८० च्या दशकाच्या आरंभी मीटर गेजचा बांधण्यात आला. रुळांमधील अंतर मीटरने ठरलेले, पण त्यांवरून धावणारी इंजिने ब्रिटिश कारखान्यांत इंचांत आखलेली आणि त्यांचे नट-बोल्टही ब्रिटिश मापाचे, अशी ही रचना होती. मेट्रिक आणि ब्रिटिश मापांचे एकाच यंत्रव्यवस्थेतील मिश्रण नागपूर परिसरात इतके जुने आहे. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग ताब्यात घेऊन त्याचे रुंदीकरण केले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत याच कंपनीने सातपुड्याच्या परिसरात दोन फूट सहा इंच गेजचे, म्हणजे ७६२ मिलिमीटरचे, छोटे मार्ग बांधले. मोतीबाग येथे २००२ मध्ये सुरू झालेले नॅरो गेज रेल्वे संग्रहालय याच मार्गांची आठवण जपते.

रेल्वेच्या कार्यशाळांनी नागपुरात यंत्रकामाची एक परंपरा रुजवली आणि तिच्याबरोबर जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेला प्रमाणित आटा आला. आटा म्हणजे बोल्टवर कोरलेली सर्पिल खाच. व्हिटवर्थ पद्धतीत तिच्या कडांमधील कोन ५५ अंशांचा असतो आणि तिची दाटी एका इंचात किती आटे बसतात यावरून सांगितली जाते. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचाला १२ आटे असतात, तर त्याच्या जवळच्या १२ मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टचे आटे १.७५ मिलिमीटर अंतरावर आणि ६० अंशांच्या कोनाचे असतात. दोन्ही बोल्ट दिसायला सारखे वाटले, तरी एकाचा नट दुसऱ्यावर योग्य रीतीने बसत नाही आणि बळाने बसवल्यास दोन्हींचे आटे मरतात. पूल, बॉयलर किंवा वाफेचे इंजिन चाळीस-पन्नास वर्षे चालते आणि तितकी वर्षे त्याच्या दुरुस्तीसाठी त्याच मापाचा टॅप, डाय आणि पाना लागतो, हे लक्षात घेतले की माप लोखंडात उतरणे म्हणजे काय, ते स्पष्ट होते.

लेथवर काम करणाऱ्या टर्नरने या दोन पद्धतींना जोडणारा मार्ग गणिताने शोधला होता. लेथवर आटे पाडताना हत्याराला पुढे सरकवणारा लांब स्क्रू, ज्याला लीडस्क्रू म्हणतात, जुन्या यंत्रांत इंचाच्या हिशेबाने केलेला असे. त्यावर मिलिमीटरचा आटा पाडायचा, तर एक इंच बरोबर २५.४ मिलिमीटर हे गुणोत्तर दातेरी चाकांच्या संख्येत आणावे लागते, २५.४ ला पाचने गुणले की १२७ ही पूर्ण संख्या येते, म्हणून १२७ दात्यांचे चाक गिअरांच्या साखळीत घातले की इंचाच्या लेथवर शुद्ध मेट्रिक आटा निघतो. इंचाची ही किंमत ब्रिटिश आणि अमेरिकी उद्योगांनी १९३० च्या दशकात व्यवहारात स्वीकारली आणि १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय कराराने ती निश्चित झाली. १२७ ही मूळ संख्या असल्यामुळे तिच्याऐवजी लहान चाके वापरून नेमके तेच गुणोत्तर मिळवता येत नाही. म्हणूनच हे एक चाक दोन मापनविश्वांमधील दुवा ठरले.

कापडगिरणीत मिश्रणाचे स्वरूप निराळे होते. जमशेटजी टाटा यांनी स्थापन केलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली आणि तिच्या यंत्रांबरोबर सुताची जाडी सांगण्याची इंग्रजी रीतही आली. ८४० यार्डांची एक लड धरली असता एका पौंडात जितक्या लडी भरतात, तो त्या सुताचा काउंट. म्हणजे वीस काउंटचे सूत एका पौंडात १६,८०० यार्ड भरते आणि काउंट जितका मोठा तितके सूत बारीक. नंतर आलेल्या टेक्स या मेट्रिक पद्धतीत एक हजार मीटर सुताचे वजन ग्रॅममध्ये सांगितले जाते, त्यामुळे तेथे आकडा मोठा झाला की सूत जाड होते. वीस काउंट म्हणजे सुमारे २९.५ टेक्स आणि चाळीस काउंट म्हणजे त्याच्या निम्मे. या बदलात केवळ गुणाकार नव्हता, तर विचाराची दिशाच उलटत होती. गिरणीतील जॉबरपासून, म्हणजे मुकादमापासून, सुताच्या व्यापाऱ्यापर्यंत सर्वांची बोटांची पारख ज्या आकड्यांशी जोडलेली होती ते आकडे एका आदेशाने बदलणे शक्य नव्हते, आणि सुताच्या व्यापारात आजही काउंटच चालतो.

स्वतंत्र भारताने हा प्रश्न निर्धाराने हाती घेतला. १ एप्रिल १९५७ पासून नाणी दशमान झाली. वजनमापांचा प्रमाणीकरण कायदा डिसेंबर १९५६ मध्ये संमत होऊन १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. नागपूरच्या दृष्टीने हा काळ दुहेरी स्थित्यंतराचा होता, कारण १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी न राहता द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाले. त्याच १९६० मध्ये येथे विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्या पिढीच्या अभियंत्यांना मेट्रिक पद्धती अधिकृत झालेली, पण हाताशी असलेली यंत्रे आणि ग्रंथ बहुतांशी फूट-पौंडांचे, अशा स्थितीत काम शिकावे लागले. धान्याच्या बाजारात शेर आणि मण काही वर्षांत मागे पडले, कारण तेथे तराजूतील वजने बदलली की काम भागत होते. कार्यशाळेत तसे घडले नाही. बदललेल्या वजनावर धान्य पूर्वीसारखेच तोलले जाते. बदललेल्या आट्याचा नट मात्र जुन्या बोल्टवर चढत नाही.

या अडचणीतून कारागिरांनी स्वतःची मधली भाषा घडवली आणि तिचा कणा सूत हे एकक आहे. येथे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अर्थात ३.१७५ मिलिमीटर. इतवारीतील लोखंडाच्या बाजारात किंवा बांधकामावर तीन सुती सळई मागितली की दहा मिलिमीटरची आणि चार सुती मागितली की बारा मिलिमीटरची सळई मिळते, जरी काटेकोर हिशेबाने तीन सूत म्हणजे ९.५२५ आणि चार सूत म्हणजे १२.७ मिलिमीटर होतात. हे नाव आता मापाचे राहिलेले नसून दर्जाचे झाले आहे. पाइपांच्या बाबतीतही तसेच घडले. अर्ध्या इंचाचा म्हणून विकल्या जाणाऱ्या लोखंडी पाइपाचा बाहेरचा व्यास सुमारे २१.३ मिलिमीटर असतो आणि त्याच्या तोंडावरील आटे ब्रिटिश पद्धतीचे, इंचाला १४ या दाटीचे असतात. पाइपांच्या या आट्यांना आंतरराष्ट्रीय मानकांनीही मान्यता दिल्यामुळे पूर्णपणे मेट्रिक झालेल्या देशांतही ते वापरले जातात. ज्या वस्तूला दुसऱ्या वस्तूत बसावे लागते तिचे माप जगात कोठेही सहजासहजी बदललेले नाही.

विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक कामात हा वारसा अधिक सूक्ष्म रूपात दिसतो. रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याच्या तारेची जाडी ब्रिटनमध्ये १८८४ मध्ये अधिकृत झालेल्या स्टँडर्ड वायर गेजने सांगितली जाते; २२ गेजची तार म्हणजे ०.०२८ इंच किंवा ०.७११ मिलिमीटर, आणि तीच तार विकली जाते किलोग्रॅमने. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या रेडिओंत आणि मोजमापाच्या उपकरणांत आढळणारे बी.ए., म्हणजे ब्रिटिश असोसिएशन, स्क्रू नावाने ब्रिटिश असले, तरी त्यांचे मूळ माप सहा मिलिमीटर व्यास आणि एक मिलिमीटर अंतराचा आटा असे मेट्रिकच होते. उलट १९६० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेल्या एकात्मिक मंडलांच्या, म्हणजे आयसींच्या, पायांमधील अंतर ०.१ इंच ठरले आणि ते २.५४ मिलिमीटर या रूपात जगभर पसरले. सोव्हिएत संघाने हे अंतर २.५ मिलिमीटर धरले होते. फरक केवळ ०.०४ मिलिमीटरचा असला, तरी चाळीस पायांच्या आयसीत प्रत्येक बाजूला वीस पाय आणि त्यांमध्ये एकोणीस अंतरे असतात, त्यामुळे शेवटच्या पायापर्यंत हा फरक ०.७६ मिलिमीटर होतो आणि पाय छिद्रात जात नाही. मापांच्या मिश्रणातील खरा धोका येथे आहे : तो मोठ्या चुकीत नसून बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा बेरीज होणाऱ्या फरकात असतो.

याहून घातक असतो तो एकक न लिहिलेला आकडा. सर्किट बोर्डावर बसवायच्या चिमुकल्या रोधकांचे आकार चार अंकांनी सांगितले जातात; ०६०३ हा संकेत इंचांच्या पद्धतीत सुमारे १.६ बाय ०.८ मिलिमीटरचा घटक दर्शवतो आणि मेट्रिक पद्धतीत ०.६ बाय ०.३ मिलिमीटरचा. आकडा एकच, पण क्षेत्रफळात सातपट अंतर. बोर्डाची जाडी १.६ मिलिमीटर आणि त्यावरील तांब्याचा थर मात्र एक औंस, म्हणजे एक चौरस फुटावर एक औंस तांबे पसरले असता होणारी सुमारे ३५ मायक्रोमीटर जाडी, अशी परिभाषा आजही रूढ आहे.

या सर्व उदाहरणांतून एक सूत्र पुढे येते. दुहेरी माप हे अज्ञानातून जन्मलेले नसून टिकाऊ वस्तूंच्या दीर्घ आयुष्यातून आणि त्या चालू ठेवणाऱ्या हातांच्या कौशल्यातून जन्मलेले आहे. ज्या कारागिराला आट्याच्या कोनावरून यंत्राचे मूळ ओळखता येते आणि कोणता आकडा मापाचा व कोणता केवळ नावाचा हे कळते, त्याच्याजवळ दोन औद्योगिक युगांचे ज्ञान असते. त्यामुळे तंत्रशिक्षणात इंचाला कालबाह्य म्हणून वगळण्याऐवजी आट्यांचे कोन, गेजचे तक्ते आणि रूपांतराची शिस्त मेट्रिक मापांच्या बरोबरीने शिकवणे योग्य ठरेल, आणि प्रत्येक आराखड्यावर आकड्यासोबत एकक व मानक लिहिण्याचा आग्रह धरावा लागेल. नागपूरने छोट्या रेल्वेची इंजिने जपली आहेत. जुन्या कार्यशाळांतील व्हिटवर्थ टॅप, वायर गेजच्या चकत्या, गिअरांचे तक्ते आणि १२७ दात्यांची चाके भंगारात जाण्यापूर्वी त्यांचीही नोंद करून जतन करणे, हे या शहराच्या औद्योगिक इतिहासासाठी तितकेच आवश्यक आहे.